लागलेला पिक्चर

मला एक खोली हवी होती. तिच्यासाठी मला जुना कॉम्प्युटर उघडून त्यात हार्ड डिस्क बसवायला शिकावं लागलं, राउटरच्या वायरी ओळखायला शिकावं लागलं आणि शेवटी सासूबाईंचं मराठी नीट ऐकायला शिकावं लागलं. पहिल्या दोन गोष्टी सोप्या होत्या.

खोली आमच्याच घरातली. पाथरीत आमचं घर बऱ्यापैकी मोठं आहे, पण त्यातली उजेडाची, मागची, उत्तरेला खिडकी असलेली खोली तीन पत्र्याच्या पेट्या आणि एका लोखंडी कपाटाच्या मालकीची होती. त्यांत नवऱ्याच्या पिक्चरच्या सीड्या. मी शिलाईकाम करते, आणि ते जिन्याखालच्या बोळात करत होते. बोळात एक मशीन मावतं आणि एक बाई मावते, तीही मान वाकवून. त्या वर्षी जवळच्या एका निवासी शाळेने दिवाळीनंतरच्या गणवेशाचं काम देऊ केलं होतं. त्याला निदान दोन मशीन आणि हाताखाली दोन बाया लागणार होत्या. दसऱ्यापर्यंत कळवा, असं शाळेच्या बाईंनी सांगितलं होतं. म्हणजे दसऱ्यापर्यंत खोली, नाहीतर काम गेलं.

आमच्याकडे घटस्थापनेच्या आधी 'दसरा काढतात'. म्हणजे घरातलं भांडं न् भांडं, गोधडी न् गोधडी बाहेर काढून धुवायची. दर वर्षी त्या पेट्याही अंगणात यायच्या, पुसल्या जायच्या आणि चार जणांच्या खांद्यावरून परत आत जायच्या. या वर्षी मी जाहीर केलं की बाहेर आलेल्या पेट्या आत जाणार नाहीत.

"मग पिक्चर कुठं जातील?" नवऱ्याने विचारलं.

"एका डबीत. पोरगी म्हणते, सगळे एका डबीत बसतात."

नवरा हसला. तो हसला की मला त्याच्या धंद्याचे दिवस आठवतात. तेव्हा तो गावचा केबलवाला होता. पाथरीतल्या तीनशे घरांत आमच्या त्याच मागच्या खोलीतून पिक्चर जायचा. दुपारी दोनला एक, बायकांसाठी. रात्री नऊला एक, सगळ्यांसाठी. नवरा दिवसभर खांबांवर चढलेला असायचा, कारण गावातली वानरं वायरींवर झोके घ्यायची. त्यामुळे दोनचा पिक्चर मशीनमध्ये सरकवायचं काम माझ्याकडे आलं. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. पोळ्या संपवायच्या, हात पुसायचे, आत जायचं, बटण दाबायचं. फोनही मीच उचलायची. फोन एकच असायचा: "वहिनी, आज काय लागलंय?"

नंतर घरोघरी डिशच्या छत्र्या आल्या, धंदा बसला, आणि नवऱ्याने बसस्टँडजवळ इलेक्ट्रिकचं दुकान टाकलं. पण पिक्चर त्याने सोडले नाहीत. "कलेक्शन हाय ते," म्हणायचा. कलेक्शनला बुरशी आली होती.

तर नवऱ्याने अट घातली. "दोन्ही टीव्हीवर चाललं पाहिजे, हॉलमधल्या आणि मायच्या खोलीतल्या. आणि मायनं दुपारी एक अख्खा पिक्चर त्याच्यावर बघितला पाहिजे. नुसतं चालतं म्हणून न्हाई, बघितला पाहिजे. मग पेट्या काढ, मी हूं की चूं करणार न्हाई." थांबून म्हणाला, "तीनशे घरांत पोचवायचो मी. दोन टीव्हीत काय अवघड हाय?"

मीही हेच म्हटलं.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्या तेव्हा पंच्याहत्तरीच्या पुढे होत्या. सकाळी स्नान, भस्म, लिंगपूजा. ती झाल्याशिवाय तोंडात पाणी नाही. मग तूर निवडणं, शेजारणीच्या सुनांचे न्याय-निवाडे, आणि दुपारी मोकळा वेळ. मुलीने पहिल्या पगारातून त्यांच्या खोलीत नवा, इंटरनेटचा टीव्ही बसवला होता. त्यावर त्या बातम्या बघायच्या आणि बातम्या देणाऱ्याला शिव्या द्यायच्या. अटीबद्दल त्यांना काही सांगायचं नाही असं आमचं ठरलं. सांगितलं असतं तर त्यांनी त्यात स्वतःची एक अट घातली असती.

सुरुवात पेनड्राइव्हपासून झाली. पाच-सहा पिक्चर त्यात उतरवून घेतले आणि आत्याबाईंच्या टीव्हीच्या पाठीला खोचला. एक चाललाच नाही. दुसऱ्याचं चित्र आलं, आवाज नाही. तिसरा चांगला चालला, पण हॉलमधल्या टीव्हीवर त्याच पिक्चरचा आवाज आला आणि चित्र नाही. नवरा मध्ये उभा राहून म्हणाला, "दोन्ही टीव्ही एका खोलीत ठेवले तर एक पिक्चर व्हतो की."

मग मोबाइल. मोबाइलवरचा पिक्चर टीव्हीवर पाठवता येतो, हे नवऱ्याने दुकानातल्या कुणाकडून तरी ऐकलं होतं. त्याने पाठवला. एका शोकाकुल आईचा प्रसंग चालू होता, तेवढ्यात पडद्यावर मधोमध सोयाबीनचा भाव आला. मग दुकानाच्या ग्रुपवरचा गुड मॉर्निंगचा गुलाब. मग एका गिऱ्हाइकाचा निरोप, की तुमचा पंखा गरगर करायलाय, पैसे परत द्या. आत्याबाई म्हणाल्या, "ह्या बाईचं लेकरू मेलं, आन हिला पंख्याचं काय पडलंय?" आणि खाटेवर आडव्या झाल्या.

मुलगी पुण्याला असते, कॉम्प्युटरमध्येच आहे. तिला फोन लावला.

"आई, हे असलं काही करू नका. घरात सर्व्हर टाका."

"म्हणजे काय टाकू?"

"एका कॉम्प्युटरला मोठी हार्ड डिस्क लाव. त्यात सगळे पिक्चर. त्यावर एक प्रोग्राम. तो घरातल्या वाय-फायवरून दोन्ही टीव्हींना पिक्चर पाठवतो. टीव्हीवर त्याचं ॲप असतं. पोस्टर दिसतात, हवं ते निवडायचं. अगदी साधं आहे."

पुण्यात साधं असणाऱ्या गोष्टी पाथरीपर्यंत येता येता बऱ्याच बदलतात. तरी मी एसटीने परभणीला जाऊन हार्ड डिस्क आणली. मुलीचा कॉलेजातला कॉम्प्युटर माळ्यावरून उतरवला. मुलगी फोनवरून सांगत गेली, मी स्क्रू काढत गेले. शिलाई मशीन उघडून साफ करणाऱ्या बाईला कॉम्प्युटरचं फार भय वाटत नाही. आत पाहिलं तर निम्मी धूळच होती.

मग सीड्या उतरवायला घेतल्या. मशीनशेजारी कॉम्प्युटर ठेवला. एक सीडी आत जायला आणि तिचा पिक्चर डिस्कवर उतरायला जेवढा वेळ, तेवढ्यात एका सदऱ्याच्या दोन बाह्या होतात. श्रावण सगळा असा गेला: बाह्या लावायच्या, सीडी बदलायची, कॉलर लावायची, सीडी बदलायची. बुरशी आलेल्या सीड्या ओल्या फडक्याने पुसून उन्हात ठेवल्या. आमच्या अंगणात कुरडया आणि सीड्या एकाच पद्धतीने वाळतात. काही सीड्या शेवटपर्यंत वाचल्या गेल्या नाहीत. त्या मी नवऱ्याला न दाखवता बाजूला ठेवल्या. पुढे शेतात पाखरांना भिववायला कामी आल्या.

खरी गोची नावांची झाली. केबलच्या काळात नवऱ्याने सीड्यांवर पिक्चरची नावं लिहिलीच नव्हती. गावातले लोक ज्या शब्दांत मागायचे ते त्याने लिहिलं होतं. 'जुळे भाऊ, रेल्वे.' 'सासू छळ (जास्त).' 'सासू छळ (कमी).' 'नाग, देवीचा.' 'नाग, सूड.' 'आंधळी माय, शेवट चांगला.' मीही फाइलींना तीच नावं दिली. मला दुसरी माहीत नव्हती. आता तो प्रोग्राम एवढा हुशार, की फाइलीचं नाव वाचून इंटरनेटवरून स्वतःच पोस्टर शोधून आणतो. 'नाग, देवीचा' याला त्याने एक परदेशी पोस्टर लावलं. त्यात एक बाई होती, एक अजगर होता आणि कापड असं फारसं नव्हतं. 'सासू छळ (कमी)'ला स्वयंपाकाच्या कार्यक्रमाचं चित्र. शिवाय जुना पिक्चर दोन सीड्यांत असतो, मध्यंतरापर्यंत एक आणि पुढे दुसरी. प्रोग्रामने एकेका पिक्चरचे दोन केले आणि दोन्हींना वेगवेगळी तोंडं दिली.

ते अजगराचं पोस्टर आत्याबाईंनी पूजेनंतर पाहिलं. कपाळावर ओलं भस्म, हातात रिमोट.

"सूनबाई, हे काय लावून ठेवलंस गं माझ्या खोलीत?"

"देवीचा पिक्चर आहे, आत्याबाई."

"देवीचा? मग देवीला लुगडं न्हाई का मिळालं?"

पुढचे आठ दिवस मी पोस्टर बदलले, तुकडे जोडले. भाद्रपद अर्धा सरला. आता दोन्ही टीव्हीवर सगळे पिक्चर दिसत होते, ओळीने, भिंतभर. चित्र बरं, आवाज बरा. थांबवता येत होतं, मागे नेता येत होतं, हॉलमध्ये अर्धा बघून आतल्या खोलीत पुढे चालू करता येत होतं. नवऱ्याने पाहिलं, नाक खाजवलं आणि म्हणाला, "आता माय बघू दे."

माय बघेना.

रोज दोनच्या सुमारास त्या टीव्ही लावायच्या. पडद्यावर पोस्टरांची भिंत उभी राहायची. त्या बाहेर हाक मारायच्या, "सूनबाई, काय लागलंय?"

"काही लागलं नाही आत्याबाई, तुम्हाला पाहिजे तो लावा. बाण दाबा, मग मधलं बटण."

"मी लावू?"

"हो, कोणताही."

"मी कशाला लावू? मला काय कामधंदा न्हाई का?"

आणि बंद. आधी मला वाटलं, बटणं जमत नाहीत. कागदावर चित्रं काढून भिंतीला चिकटवली. त्यांनी ती बघितली आणि म्हणाल्या, "आमच्या वक्ताला एवढं शिकून बाया मास्तरणी व्हत होत्या." मग मीच लावून दिला, 'सासू छळ (जास्त)', त्यांच्या आवडीचा. दहा मिनिटांनी डोकावले, तर टीव्ही चालू आणि त्या अंगणात वाती वळत बसलेल्या.

"आवडला नाही का?"

"चांगलाय की. मुद्दाम माझ्यासाठी लावलास, आन मी पाय पसरून बघत बसू? भाकरी कोण थापायलंय घरात? तू. लोक काय म्हणतील?"

"घरात लोक कुठे आहेत?"

"तूच हायस की."

घटस्थापनेला पाच-सहा दिवस उरले होते. शाळेच्या बाईंचा एक फोन येऊन गेला होता. मी बोळात मान वाकवून एका ब्लाऊजला काजं करत होते आणि मनात आत्याबाईंना नको ते बोलत होते. मग हात थांबला. त्या 'लाव' म्हणतच नव्हत्या. इतक्या वर्षांत एकदाही म्हणाल्या नव्हत्या. कायम विचारायच्या, काय 'लागलंय'.

केबलच्या दिवसांत मी मागच्या खोलीत पिक्चर लावायची आणि दहा पावलांवर, पुढच्या खोलीत, तो लागायचा. त्यांना चांगलं माहीत होतं की आत सूनच बटण दाबते. पण भिंत मध्ये होती. पिक्चर गावात लागला होता, तीनशे घरांत लागला होता, त्यात त्यांचा काही हात नव्हता. तूर निवडता निवडता नजर गेली, एवढंच. कुणी विचारलं तर उत्तर तयार असायचं: "लागला व्हता म्हणून बसले." आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायकांनी सगळे पिक्चर याच एका वाक्यावर बघितले. स्वतःसाठी पिक्चर लावून घेणारी बाई म्हणजे चैन करणारी बाई. लागलेला बघणारी बाई घरंदाज. आणि मी त्यांच्या हातात रिमोट देऊन म्हणत होते, आत्याबाई, चैन करा.

मुलीला फोन केला.

"अगं, ते पिक्चर आपोआप लागतील असं करता येतं का? आपण निवडायचं नाही. दोनला सुरू, दोन्ही टीव्हीवर एकच. थांबवता येऊ नये, मागे नेता येऊ नये."

"आई, याच्यातून सुटायला लोक महिन्याला पैसे भरतात."

"येतं का ते सांग."

"येतं," ती म्हणाली. "त्या प्रोग्रामला एक जोड मिळते. तुझ्याच पिक्चरचं तुझं चॅनल होतं. पण कशाला? एवढं सगळं करून पुन्हा केबलच ना?"

"हो," म्हटलं. "पुन्हा केबलच."

एक दुपार त्यात गेली. कॉम्प्युटर मागच्या खोलीत हलवला, कारण राउटरची वायर तिथवर आलेली होती आणि इन्व्हर्टरचा प्लगही तिथेच होता. चॅनलला नंबर दिला. आत्याबाईंचा टीव्ही सुरू केला की थेट तेच लागेल अशी सोय मुलीने पुण्याहून करून दिली. यादीत पहिला पिक्चर टाकला आणि नवऱ्याला दुकानातून बोलावून घेतलं. तो हॉलमध्ये वर्तमानपत्र उलटं-सुलटं करत बसला. मी बोळात.

दोन वाजले. पिक्चर लागला. आत्याबाई आल्या नाहीत. शेजारणीशी कुंपणावरून काहीतरी निकालात काढणं चाललं होतं. दोन वीसला त्या खोलीत गेल्या. टीव्हीचा आवाज आला. मग हाक.

"सूनबाई, काय लागलंय गं?"

मी सुई तोंडात धरून म्हटलं, "कुणास ठाऊक. लागलंय काहीतरी."

आत खाट करकरली. मग, "अगं बया, सुरुवात गेली की!"

हॉलमध्ये वर्तमानपत्र खाली आलं.

तीनच्या सुमारास लाईट गेली. नवऱ्याने माझ्याकडे बघून दोन्ही हात वर केले, संपलं, असं. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर होता, पण टीव्ही नव्हता. दहा मिनिटांनी लाईट आली, टीव्ही लागला, आणि पिक्चर दहा मिनिटं पुढे गेलेला. मला धसका बसला. पण आतून आवाज आला तो समाधानाचा होता: "बघ, तेवढ्यात लगीन बी लागलं हिचं." त्या शेजारणीला सांगत होत्या. ती कधी आत येऊन खाटेच्या कडेला बसली होती, देव जाणे. दोघी तूर निवडत होत्या.

पिक्चर संपला तेव्हा साडेचार होऊन गेले होते. नवरा उठला आणि केबलवाल्याच्या आवाजात म्हणाला, "अख्खा कुठं बघितला? सुरुवातीचे वीस मिनिटं गेले, मधले दहा गेले. अख्ख्याची बोली व्हती."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आत्याबाई तूर भरलेलं सूप घेऊन बाहेर आल्या. अटीचं त्यांना काहीही माहीत नव्हतं.

"कशाची बोली रे?"

"काही न्हाई माय. पिक्चर अर्धामुर्धा बघितलास म्हणलो."

"अर्धामुर्धा?" त्यांनी सूप खाली ठेवलं. "लागलेला पिक्चर असाच असतोय की. लाईट जायाचीच. कवा पुरता बघितलाय आमी? तुझी केबल व्हती तवा तर तू शेवटाला वायर काढून ठेवायचास, पैसे न्हाई दिले म्हणून. आता निदान शेवट तरी दिसायलाय." आणि शेजारणीला म्हणाल्या, "उद्या ये गं. उद्या बी लागंल काहीतरी."

नवऱ्याने वर्तमानपत्राची घडी घातली आणि दुकानाची किल्ली उचलली. धंद्यावर बोट ठेवलं की त्याला दुकान आठवतं.

दोन दिवसांनी आम्ही दसरा काढला. पेट्या अंगणात आल्या, पुसल्या गेल्या आणि गच्चीवरच्या पत्र्याखाली गेल्या. चार जणांमध्ये नवराही एक होता, हूं की चूं केलं नाही, फक्त जिन्याच्या वळणावर एकदा म्हणाला, "हळू." खोली झाडून धुतली, खिडकीची जाळी धुतली. दुसरं मशीन आलं. शाळेच्या बाईंना मी त्याच दिवशी होकार कळवला.

खोली मिळाली, फक्त ती माझ्या एकटीची नाही. कॉम्प्युटर तिथेच, माझ्या मशीनच्या वरच्या फळीवर बसला आहे. आणि रोज पावणेदोनला नवरा दुकान बंद करून घरी येतो, जेवायला म्हणून. चार घास खातो आणि माझ्या बायांमधून वाट काढत आत येऊन कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत उभा राहतो. करायचं काहीच नसतं, सगळं आपोआप लागतं. तरी तो घड्याळ बघतो. दोनला म्हणतो, "गेला." म्हणजे पिक्चर सुटला, घरांत पोचला. घरं म्हणजे आमचेच दोन टीव्ही, पण बाया कौतुकाने बघतात. खाली पट्टीवर जाहिरात फिरवता येईल का, असं त्याने मुलीला विचारलं आहे. तिने अजून उत्तर दिलेलं नाही.

परवा कपडा बेतत होते, तर आत्याबाई खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. इकडे तिकडे बघितलं. नवीन बायांना एकेक करून माहेर कुठलं ते विचारून झालं. मग छताकडे बघत म्हणाल्या, "तो जुळ्या भावांचा, रेल्वेचा, लय दिवसांत लागला न्हाई, न्हाई का?"

"नसेल लागला."

"न्हाई, आपलं आठवलं म्हणून." आणि गेल्या.

मी खडू खाली ठेवला, यादी उघडली, उद्याचा पिक्चर काढला आणि तो घातला.

दुसऱ्या दिवशी दोन वाजून पाच मिनिटांनी आतून हाक आली. "सूनबाई! अगं बघ, काल म्हणलं आन आज लागला!"

"लागतो कधी कधी," म्हटलं, आणि बाह्या लावायला बसले.